शेजारच्या टेबलावरचे पेढे

मी विद्यापीठात करिअर शिकवतो. म्हणजे करिअर कसं करावं, ते. बायोडेटा कसा लिहावा, मुलाखतीला खुर्चीत कसं बसावं, समोरच्या साहेबाने "स्वतःबद्दल काही सांगा" म्हटलं की सुरुवात कुठून करावी आणि मुख्य म्हणजे थांबावं कुठे. हे शेवटचं मला स्वतःला आजतागायत जमलेलं नाही. पण पोहायला शिकवणारा माणूसही काठावर कोरडा उभा राहूनच शिट्टी वाजवत असतो.

आमचा विभाग गिरगावात एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आहे. खाली दातांचा दवाखाना. एकदा माझ्या एका किश्श्यावर वर्ग असा काही हसला की हादरा खालपर्यंत गेला, खुर्चीतल्या पेशंटने भूल न घेताच आ वासला आणि डॉक्टरने तेवढ्यात त्याची दाढ उपटून घेतली. पेशंट वर येऊन माझ्या पाया पडून गेला. माझी बायको म्हणते, यांच्या बोलण्यातून निम्मं वजा करून ऐकावं. करा वजा. अर्धा दवाखाना तरी उरतोच.

एवढं सगळं असताना माझ्या टेबलावर कधी पेढे आले नाहीत.

नोकरी लागलेला मुलगा पेढे घेऊन येतो, आणि ज्याने वाट दाखवली त्याच्यासमोर पहिला खोका उघडतो. आमच्याकडे तोच निकाल. बाकी फीडबॅक फॉर्म वगैरे सगळी रद्दी. आणि आमच्या स्टाफरूममध्ये हा निकाल कायम शेजारच्या टेबलावर लागायचा.

शेजारच्या टेबलावर एक मॅडम बसतात. राहायला फणसवाडीत, येतात चालत. त्या ट्रेनिंग शिकवतात, म्हणजे कुणाला कशाचं शिक्षण कमी पडतंय ते आधी कसं ओळखावं, हे. आवाज फ्रीजसारखा, चालू होता हे बंद पडल्यावर कळतं. त्यांच्या लेक्चरला कोणी हसलेलं मी ऐकलेलं नाही. जांभईसुद्धा मुलं त्यांच्याकडे बघून हळू देतात. पण माझं लेक्चर संपलं, पोटं धरधरून हसून झालं, की तीच मुलं डोळे पुसत पुसत रांग लावायची ती मॅडमच्या टेबलापाशी. माझ्या टेबलाला वळसा घालून! जाता जाता मला म्हणायची, "सर, एक नंबर हां आज!" आणि बायोडेटा द्यायची तिला. तिला म्हणजे त्यांना. रागात माझं व्याकरण सुटतं.

मॅडम करायच्या काय? पाठकोरा कागद पुढे सरकवायच्या आणि म्हणायच्या, "काल सकाळपासून झोपेपर्यंत काय काय केलंस ते लिही." झालं. मुलगा लिहायचा, त्या वाचायच्या, दोन प्रश्न विचारायच्या, आणि महिन्या-दोन महिन्यांनी पेढे. ही काय पद्धत झाली? असं तर आमच्या चाळीतली प्रत्येक म्हातारी विचारते.

वर त्या पेढे एकट्या खात नसत. खोका माझ्यापुढे धरायच्या. "घ्या ना सर." आणि मी घ्यायचो. तीन वर्षं मी दुसऱ्याचे पेढे खाल्ले. केशरी, कंदी, मलई. खोक्याच्या झाकणावरून दुकान सांगू शकेन, आणि पेढ्याच्या रंगावरून मुलगा बँकेत लागला की मॉलमध्ये तेही सांगू शकेन. शेवटी रक्त तपासलं तर साखर वाढलेली. डॉक्टर म्हणाला, "मास्तर, चहात साखर घेत नाही म्हणता, मग ही येते कुठून?" मी म्हटलं, "शेजारून."

घरी जेवायला बसलो की माझं तेच सुरू व्हायचं. आज तिच्याकडे अकरा जण होते. आज एका मुलाने तर तिच्यासाठी साताऱ्याहून कंदी पेढे आणले, आणि लेकाने मुलाखतीला टाय लावलाय तो मी शिकवलेल्या गाठीचा! बायको ऐकत राहायची, ताटात आमटी वाढत राहायची. आई तिच्या कोपऱ्यातून म्हणायची, "रे, जेव आधी. आमटी निवता हा."

आम्ही नायगावला चाळीत राहतो. इमारतीत ऐंशी खोल्या, आणि सगळ्या खोल्यांच्या जागी आता टॉवर होणार म्हणून कागदपत्रांची धामधूम. कोण पात्र, कोण अपात्र, कोणाच्या आजोबांच्या नावावर भाडेपावती आणि वारस चार, त्यातला एक दुबईत. हे असं वर्षानुवर्षं चाललेलं. त्यात माझ्या बायकोने काय केलं होतं, तर साड्यांची ती चेनवाली प्लास्टिकची पाकिटं असतात ना, ती घरोघरून गोळा केली होती. एका खोलीला एक पाकीट. वर चिकटपट्टी लावून खोलीचा नंबर. आत भाडेपावत्या, रेशनकार्ड, जुनी लाइटबिलं, मृत्यूचे दाखले. ऐंशी पाकिटं आमच्या माळ्यावर. माझी पुस्तकं खाली जमिनीवर, आणि अख्ख्या चाळीचं वारसाहक्काचं प्रकरण माझ्या डोक्यावर.

"हे काढ की गं एकदा तिथून," मी म्हणायचो. "घर आहे की रेकॉर्ड रूम?"

"बासष्ट नंबरच्या काकूंचा एक दाखला यायचाय. मग बघू," ती म्हणायची.

चौदा वर्षांपूर्वी मुलगा लहान म्हणून बायकोने फोर्टातली नोकरी सोडली होती. गेल्या वर्षी मुलगा इंजिनिअरिंगला पुण्याला गेला, खोलीतली एक गादी कमी झाली, आणि एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "मी परत कामाला लागीन म्हणते."

मला जो आनंद झाला तो काय सांगू! अहो, करिअर ब्रेक हा माझा खास विषय. त्यावर मी लेक्चरं देत मुंबईभर फिरलेलो, आणि इथे माझ्याच घरात, गवारीच्या शेंगा मोडत, जिवंत केस बसलेली! मनात म्हटलं, हिला नोकरी लागणार ती माझ्यामुळे, आणि पेढ्यांचा पहिला खोका उघडणार तो माझ्यासमोर. एकदाच. मग शेजारच्या टेबलावर पेढ्यांचा डोंगर होऊ दे.

मी तीन दिवस खपून तिचा बायोडेटा केला. तसा बायोडेटा मुंबईत झाला नसेल. "चौदा वर्षे बहुस्तरीय मनुष्यबळ व्यवस्थापन." म्हणजे आई, मी आणि मुलगा. "उत्सवकाळातील सप्लाय चेनचे नियोजन." म्हणजे आमच्याकडचा दीड दिवसाचा गणपती. "क्रायसिस मॅनेजमेंट." म्हणजे पावसाळ्यात गॅलरीतून आत येणारं पाणी बादलीने उपसणं. कागद असा भरला की शेवटी मलाच वाटलं, या बाईच्या हाताखाली आपल्याला नोकरी मिळेल का?

बायकोने वाचला. म्हणाली, "ही कोण?"

"तू!"

"अहो, पण मी असं कधी..."

"तू गप्प बस. हा माझा धंदा आहे."

मुलाखत परळला होती. माझे वडील जिथे साचे चालवायचे त्या गिरणीच्या जागी आता काचेची इमारत आहे, तिच्या सतराव्या मजल्यावर. मी तिला खालपर्यंत सोडायला गेलो. उभं कसं राहायचं, पाणी विचारलं तर घ्यायचं की नाही, सगळं फुटपाथवर पुन्हा एकदा करून दाखवलं. वॉचमन बघत होता. त्यालाही बहुतेक दुसरीकडे नोकरी लागली असेल एव्हाना.

ती खाली आली ती अर्ध्या तासात. मी विचारलं, "कसं झालं?" तर म्हणाली, "बसस्टॉप कुठेय?" घरी आल्यावर तिने चहा टाकला आणि ओट्याकडे तोंड करून सांगायला लागली.

"त्यांनी विचारलं, तुमच्या टीममध्ये किती जण होते? मी म्हटलं, तीन. ते म्हणाले, त्यांचा परफॉर्मन्स कसा होता? मी म्हटलं, एकही कामाचा नाही."

आई कोपऱ्यात फिसकन हसली. मीही हसणार होतो. उत्तर झकासच होतं, मला सुचलं नसतं.

"ते पण हसले," बायको म्हणाली. "खूप हसले. एकाने दुसऱ्याला तो कागद दाखवला, मग तो पण हसला. मी मेली खोटं बोलताना पकडलेल्या बाईसारखी बसले होते तिथे."

चहा उतू गेला. तिने गॅस बंद केला.

"त्या कागदात मी नव्हतेच हो. सगळे तुम्हीच होतात."

त्यानंतर नोकरीचा विषय निघेना. मी काढला की ती बासष्ट नंबरचा दाखला काढायची. मी मनात म्हटलं, असू दे, जखम ताजी आहे, थोडं थांबून दुसरा बायोडेटा करू. आणखी जोरदार. तशी ती दर गुरुवारी दुपारी बाहेर जायला लागली होती. गुरुवारी मी ठाण्याला ट्रेनिंग द्यायला जातो, त्यामुळे मला ते आईकडून कळायचं. "खंय गेली?" विचारलं तर आई म्हणायची, "देवळात." मला बरं वाटलं. देवाचा आधार वाटतोय तर वाटू दे.

तुमच्या एव्हाना लक्षात आलं असेल. मला आलं नाही. मुलाखतीत माणूस काय लपवतोय हे ओळखण्यावर मी दोन दिवसांची कार्यशाळा घेतो, हे जाता जाता सांगून ठेवतो.

एका सोमवारी स्टाफरूममध्ये शिरलो तर शेजारच्या टेबलावर खोका. पांढरा, लाल रबर लावलेला. दादरचं दुकान, दुधाचे पेढे, साधे. मी न बघितल्यासारखं करून बसलो. मॅडम उठून आल्या.

"घ्या ना सर."

"कोणाचं काम झालं?"

"आहे एक विद्यार्थिनी. वयाने मोठी आहे." त्या खिडकीकडे बघत म्हणाल्या. "चौदा वर्षांनी परत कामाला लागतेय. इथे यायला लागल्यावर पहिल्याच मुलाखतीत झालं."

माझ्या टाळूपासून तळव्यापर्यंत आग गेली. चौदा वर्षं! ब्रेकची केस! म्हणजे आता माझा खास विषयसुद्धा हिने उचलला? मुंबईत चौदा वर्षं घरी बसलेल्या बायका काय कमी आहेत, पण त्यातली नेमकी एक हिच्याच टेबलावर यावी?

"आमच्या हिचीही चौदाच झाली," मी म्हटलं.

"हो का," मॅडम खिडकीलाच म्हणाल्या.

मी पेढा तोंडात टाकला. चांगला होता. फार चांगला होता. मी म्हटलं, "कोरडे आहेत."

मग मला एक विचार सुचला, आणि तो मला थोर वाटला, हे कबूल करतो. म्हटलं, "मॅडम, अजून एक घेऊ? घरी नेतो. बायकोला दाखवतो. तिला जरा उमेद येईल, की अशा बायकांनाही नोकरी लागते."

मॅडमना त्याच क्षणी जोराचा खोकला आला. त्यांनी तोंडावर रुमाल धरला आणि दुसऱ्या हाताने पेढा कागदात गुंडाळून दिला.

घरी पोचलो. आई खाटेवर, बायको पोळ्या करत होती. मी तो पेढा तिच्यापुढे असा धरला की जणू समुद्रमंथनातून मीच वर आणलाय.

"हे बघ. आमच्या मॅडमकडे एक बाई आली होती, तुझ्याचसारखी. चौदा वर्षं घरी. आणि लागली की नाही नोकरी? माणसाने हिंमत सोडू नये. हे खा आणि उद्यापासून आपण परत सुरू करू."

बायकोने पोळी तव्यावरून काढली. हात पुसले. देवाच्या फळीकडे गेली आणि तिथून एक खोका काढून माझ्यासमोर ठेवला. पांढरा. लाल रबर.

आईने पदर तोंडाला लावला होता तो आता पूर्ण तोंडात घातला.

"परळच्या हॉस्पिटलात," बायको म्हणाली. "विम्याचे कागद तपासायचा विभाग आहे ना, तिथे. पेशंटची माणसं येतात, घाबरलेली, निम्मे कागद घरी विसरलेली. कोणाला कुठला कागद लागेल, तो कुठून आणायचा, हे बघायचं."

"पण... कसं काय?"

"मॅडमनी मला काल काय केलं ते लिहायला सांगितलं. मी लिहिलं, सकाळी बासष्ट नंबरचा दाखला आला, तो पाकिटात घातला. त्या म्हणाल्या, कसलं पाकीट? मग मी ऐंशी पाकिटांचं सांगितलं. त्यांनी तेवढंच लिहायला लावलं. चौदा वर्षं घरी होते, आणि चाळीतल्या ऐंशी खोल्यांचे कागद गोळा करून लावले. दोनच ओळी. मुलाखतीत त्याच्यावरच विचारलं सगळं. मला सगळं येत होतं."

मी वर बघितलं. माळ्यावर ऐंशी पाकिटं. ती तिथून काढ म्हणून मी किती वेळा सांगितलं असेल, हजार? निम्मं वजा केलं तरी पाचशे. आणि मी बायोडेटात काय लिहिलं, तर बादलीने उपसलेलं पाणी.

खरं सांगायचं तर तेव्हा मला तिचा अभिमान वाटायला हवा होता. वाटला तो नंतर. आधी जे वाटलं ते असं:

"माझ्या शेजारच्या टेबलावर? अख्ख्या मुंबईत तुला दुसरं कोणी मिळालं नाही? आणि ओळख तरी कुठची तुमची?"

"विभागाच्या सरस्वतीपूजनाला तुम्हीच तर करून दिलीत. आणि तीन वर्षं रोज जेवताना त्यांचंच सांगत होतात. त्या अशा विचारतात, त्यांच्याकडे एवढी मुलं येतात, त्यांच्या मुलांना नोकऱ्या लागतात. एवढं कौतुक तुमच्या तोंडून मी दुसऱ्या कोणाचं ऐकलं नाही."

"कौतुक? मी शिव्या घालत होतो!"

"मी निम्मं वजा करून ऐकत होते," बायको म्हणाली.

"मग पहिला खोका तरी मला..."

"पहिला देवाला, दुसरा मॅडमना. घरच्यांना काय, उरलेलेच." आणि मग थोडं हळू, "तुम्हाला आधी सांगितलं असतं तर नोकरी लागायच्या आत चाळभर झालं असतं. न लागती तर मग मी कुठे तोंड दाखवलं असतं?"

यावर मला काही बोलता आलं नाही. ही घटना दुर्मीळ असल्याने नोंदवून ठेवतो.

पुढचे पंधरा दिवस मी मॅडमशी बोललो नाही. म्हणजे "गुड मॉर्निंग" म्हणायचो, पण ते त्यांच्या टेबलाला उद्देशून. रांग चालूच होती. मी माझ्या खुर्चीवरून ती मोजायचो, आणि रांगेतल्या प्रत्येक पोराच्या जागी मला माझी बायको दिसायची, पर्स छातीशी धरून, गुरुवारच्या दुपारी, माझ्या रिकाम्या खुर्चीला वळसा घालून जाताना. सगळ्यात जास्त तो वळसा डाचत होता. आपल्या माणसाने लोकांकडे जावं याचंही एवढं नाही, पण आपली खुर्ची वाटेत होती हो!

बायको कामावर रुळली. सकाळी माझ्याआधी निघायची. येताना परळहून बसने यायची आणि आल्या आल्या आईला सांगायची, आज एक म्हातारे बाबा आले होते, सगळे कागद उशीच्या अभ्र्यात घालून. मी पेपर वाचत असल्याचं नाटक करून ऐकायचो. तिच्या गोष्टीत एक अक्षर जास्तीचं नसायचं, आणि आई ती श्वास रोखून ऐकायची. याचाही मला मत्सर वाटला. म्हटलं तर घरातलं शेवटचं खातं माझ्याकडे उरलं होतं, गोष्टी सांगायचं, तेही चाललं.

मग एका शनिवारी ती माझ्या समोर येऊन बसली. हातात पाठकोरा कागद.

"एक विचारायचं होतं."

मी पेपर खाली ठेवला. इतका सावकाश ठेवला की त्याचा आवाज येऊ नये.

"सोमवारी नवीन मुलं येतायत, बाराजण. साहेब म्हणाले, कागद कसे लावायचे ते तुम्हीच त्यांना शिकवा. उभं राहून. अहो, मला बाराजणांसमोर उभं राहून बोलता येत नाही. पाय लटपटतात. तुम्ही सांगाल?"

काय सांगू तुम्हाला! आमच्या खोलीचं छत वर गेलं, माळ्यासकट, ऐंशी पाकिटांसकट. त्या दुपारी मी तिला पाच मिनिटांत बसवता येईल ते दोन तास शिकवलं. आईला आणि दोन शेजारणींना समोर बसवलं, बायकोला उभं केलं. पहिलं वाक्य तोंडपाठ ठेव. सगळ्यांकडे बघू नकोस, एका ओळखीच्या चेहऱ्याकडे बघ. हात कुठे ठेवायचे कळलं नाही तर हातात एक पाकीट धर. आणि ते उशीच्या अभ्र्याचं सांग, सुरुवातीलाच सांग, पोरं विसरणार नाहीत. तिने सांगितलं. शेजारणी हसल्या, मग गप्प झाल्या. जिथे हसायला हवं तिथे हसल्या, जिथे गप्प व्हायला हवं तिथे गप्प. मला घाम आला.

"जमलं की!" मी म्हटलं. "आता सांग, हे मॅडमना शिकवता आलं असतं?"

"नाही," बायको म्हणाली. मी छाती पुढे काढली. "त्यांनीच सांगितलं ना. मी गुरुवारी फोन केला होता. त्या म्हणाल्या, हे मला येत नाही, हे तुमच्या सरांना विचारा, यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही."

छाती तशीच पुढे राहिली. आत घेऊ की ठेवू, समजेना.

म्हणजे हेही काम मला मॅडमनीच लावून दिलं होतं. माझ्याच घरात, माझ्याच बायकोकडे. नोकरी लागलेल्या माणसाने काय करायचं असतं ते मी वर लिहिलंच आहे. रीत ती रीत.

सोमवारी बायकोचं ट्रेनिंग झालं. दुपारी तिचा फोन आला, "पाय लटपटले नाहीत." मी दादरला जाऊन पाव किलो पेढे घेतले, केशरी, उगाच कमीपणा नको म्हणून, आणि संध्याकाळच्या लेक्चरआधी शेजारच्या टेबलावर ठेवले. रांगेत चार मुलं उभी होती. ती बघायला लागली.

मॅडमनी चष्मा वर केला. "अरे वा. कोणाचं काम झालं?"

"आहे एक विद्यार्थी," मी म्हटलं. "वयाने मोठा आहे."

त्यांनी रबर काढलं, एक पेढा उचलला, तोंडात टाकला आणि खिडकीकडे बघत बराच वेळ चघळला.

"कोरडे आहेत," त्या म्हणाल्या, आणि दुसरा घेतला.